जो बोनामासाचा "पर्सनल" मेसेज आलाय? थांबा, आधी हे वाचा

ब्लूज रॉकवाल्यांसाठी लिहितोय, त्यातही अमेरिकन गिटारिस्ट जो बोनामासाचे फॅन असाल तर नक्कीच वाचा. मी त्याचा कट्टर फॅन, २००९ चा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा शो, ज्यात गिटारिस्ट एरिक क्लॅप्टन येऊन वाजवून गेला, तो तर पाठच आहे. तर झालं असं की त्याच्या ऑफिशियल पेजवर एका लाइव्ह क्लिपखाली सोलोबद्दल दोन ओळी टाकल्या आणि थोड्याच वेळात खुद्द "जो"ची रिक्वेस्ट, म्हणे हे माझं प्रायव्हेट अकाउंट, फक्त खास फॅन्ससाठी.

मग टेलिग्रामवर ये म्हणाला. पैशाचं नाव नाही बरं का, नुसतं जेवलास का, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, इतकी चौकशी तर आमचे नातेवाईक पण करत नाहीत. त्यानंतर हळूच फॅन कार्ड, अठरा हजार, त्याशिवाय बॅकस्टेज सोडत नाहीत म्हणे. यूपीआय करताना स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं, विचारलं तर "तो आमचा इंडियाचा एजंट". पाठोपाठ मीट अँड ग्रीटचं डिपॉझिट चाळीस हजार, रिफंडेबल, तेही गेले.

कार्डाचा फोटो आला तो आरशातल्यासारखा उलटा छापलेला, त्याच्या लेस पॉल गिटारची नेक भलत्याच बाजूला, म्हणजे उजव्या हाताने वाजवणारा बोनामासा चक्क डावखुरा! माझी सटकली. मुद्दाम विचारलं, सध्या टूरवर गिटारचा आवाज वाढवायला कुठला अ‍ॅम्प वापरतोस? उत्तर काय, तर संगीत हृदयातून येतं डिअर. अरे, ज्याने गिटार-अ‍ॅम्पनी खच्चून भरलेल्या स्वतःच्या घराला नर्डविल नाव दिलंय, तो माणूस अ‍ॅम्पचा विषय निघाल्यावर असं बोलेल? १९५९ ची लेस पॉल म्हटलं तर तास तास थांबणार नाही तो.

सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेलाही कळवलं. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातच पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त, माझे तोवर पुढे सरकले होते. वर कहर म्हणजे नंतर एक "रिकव्हरी एक्सपर्ट" उगवला, फी आधी भरा, पैसे परत आणून देतो. तीच गँग असणार, दुसरं कोण.

आणि हो, ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, ट्रान्झॅक्शनचा नंबर जपून ठेवा. मी जाब विचारल्यावर त्या खोट्या "जो"ने अख्खं चॅट दोन्हीकडून उडवलं.