फ्लाय फिशिंगचा सेटअप नेरुळमध्ये आठ महिने वापरून (त्यातले दोन महिने लाइन उलटी)

ऑक्टोबरात घेतला होता, आता जून लागलाय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. नऊ फुटी ५ वेटचा रॉड, रीळ, बॅकिंग (लाइनच्या आधी रिळावर गुंडाळायचा बारीक दोरा) आणि डब्ल्यूएफ५एफ लाइन असा कॉम्बो. रॉड ठीक, रीळ ठीक, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. रडगाणं सगळं लाइनचं आहे.

आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते भिरकावलं की दोरा आपोआप मागे जातो. इथे तसं नाही. गरीवर बांधलेली माशी म्हणजे दोन पिसं आणि धागा, तिला वजनच नाही, म्हणून वजन लाइनमध्येच घातलेलं असतं. ५ वेट म्हणजे लाइनचे पुढचे ३० फूट साधारण १४० ग्रेन, आपल्या हिशोबात नऊ ग्रॅम. डब्ल्यूएफ म्हणजे ते वजन पुढच्या बाजूला आणि मागची लाइन बारीक, शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी.

हे आज शहाण्यासारखं लिहितोय, पण तेव्हा काय केलं, तर लाइनच्या टोकाला एक छोटासा स्टिकर होता की हे टोक रिळाला, तो मी कचरा समजून काढून टाकला आणि जे टोक हाताला लागलं ते बॅकिंगला बांधलं. झालं, जाड भाग रिळाच्या पोटात आणि बारीक भाग पुढे. दोन महिने रोज सकाळी सोसायटीच्या लॉनवर हात दुखेपर्यंत फेकत होतो, लाइन १५ फुटांवर भाताच्या शितासारखी गोळा होऊन पडायची, वॉचमन बघून गालातल्या गालात हसायचा. मी रॉडला शिव्या देत होतो, विकायला पण काढला होता! शेवटी एकदा पुसायला म्हणून सगळी लाइन उलगडली तेव्हा चिमटीत जाणवलं, आतलं टोक जाड लागतंय. सत्तावीस मीटर लाइन पॅसेजमध्ये लिफ्टपासून जिन्यापर्यंत पसरून फिरवून बांधली, आई म्हणाली वाळवण घातलंयस का. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेकीत दुप्पट लांब गेली.

गाठींचं थोडक्यात सांगतो. रिळाला आर्बर, बॅकिंग ते लाइन नेल नॉट, माशीला क्लिंच, आणि प्रत्येक गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा, नाहीतर नायलॉन घासून तिथेच कमजोर होतं. लाइन आणि लीडरचे (लाइन आणि माशीच्या मधला निमुळता नायलॉन) फासे एकमेकांत अडकवताना मात्र नीट बघा, ते दोन्ही बाजूंनी सारखे बसले पाहिजेत. एकाने दुसऱ्याचा गळा आवळला तर लाइनचं कोटिंग कापतं, माझं कापलं. लीडर ९ फुटी, ५एक्स. एक्सचा आकडा ११ मधून वजा करायचा, म्हणजे ६, तेवढे हजारांश इंच टोकाची जाडी. लीडर सारखा कापला जाऊन आखूड होतो, म्हणून टिपेटची (लीडरच्या टोकाला जोडायचा बारीक नायलॉन) चकती वेगळी घ्या आणि सर्जन गाठीने तुकडा जोडत राहा, स्वस्तात पडतं.

आता उकाडा. कॉम्बोतली लाइन थंड पाण्याची निघाली, हे बॉक्सवर बारीक अक्षरात होतं. डिसेंबर-जानेवारीत मस्त चालली, एप्रिलपासून उकडलेल्या शेवयांसारखी मऊ आणि चिकट, रॉडच्या कड्यांतून सरकायलाच तयार नाही. त्यात एकदा दुपारभर गाडीत राहिली. शिवाय खाडीवर डास म्हणजे काही विचारू नका, ते क्रीम बोटांना लावून लाइन धरली, त्यात डीट (डास पळवणारं रसायन) असेल तर पीव्हीसीचं कोटिंग खातं. आता क्रीम लावलं की हात धुतो. कोमट पाणी आणि साध्या साबणाने पुसली की थोडे दिवस बरी चालते. गच्चीवर सराव करू नका, सिमेंटवर घासून लाइनवर ओरखडे येतात.

मासे? कर्जतकडे एका ओळखीच्यांच्या शेततळ्यात विचारून गेलो, तीन तिलापिया, त्यातला एक तळहाताएवढा, तरी हातात जी थरथर आली ती आली. बेलापूरच्या दिवाळे गावाच्या जेट्टीवर आजवर शून्य. बोईट समोर उड्या मारतात आणि माशीकडे ढुंकूनही बघत नाहीत. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की ५ वेट कामाचा नाही, खाडीला ८ पाहिजे, आणि मागे तिवरं असल्यामुळे लाइन मागे न्यायला जागा नाही, रोल कास्टच (लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे उलगडत टाकणं) करावा लागतो. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवायचं, एकदा आळस केला तर दोन दिवसांत करकरायला लागलं.

जेट्टीवर एक कोळी काका जाळं शिवत बसतात. पहिल्यांदा माझी पिवळी जाड लाइन बघून म्हणाले, "क रं पोरा, यो दोरा हाय का कासरा?" परवा त्यांनीच रॉड मागून घेतला, मी रोल कास्ट कसा ते दोनदा दाखवला, तिसऱ्या फेकीला काकांची लाइन माझ्यापेक्षा लांब. रॉड परत देताना विचारलं, "पन याला कोलंबी का नाय लावत?"

गरम हवेसाठीची लाइन मागवलीये, यावेळी स्टिकर जपून ठेवणार.