घट्ट फिरणारं इंजिन बघून फसलो

छोट्या मॉडेल विमानाचं जुनं इंजिन विकत घेणार असाल तर आधी एवढं वाचा. माझे साडेआठ हजार रुपये गेले, पण त्याहून जिवाला लागलं ते उडवायचा अख्खा मोसम हातचा गेला याचं.

मी एचटी-२ विमानाचं छोटं उडतं मॉडेल बांधत होतो. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हातून घडलेलं मूळ शिकाऊ विमान १९५१ साली पहिल्यांदा उडालं. बारास एक प्रमाणात पंख ८९ सेंटिमीटरचे येतात. रिमोट नाही. इंजिनात २५-३० सेकंदांपुरतंच इंधन घालायचं, विमान घिरट्या घेत वर चढतं आणि इंजिन थांबलं की आपलं आपण तरंगत उतरतं. एवढ्या विमानाला पाऊण सीसीचं डिझेल इंजिन पुरतं. त्याला स्पार्क प्लग नसतो, पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन लायनरमध्ये इतका तंतोतंत बसवलेला असतो की नुसत्या दाबानं इंधनातलं ईथर पेट घेतं. सगळा जीव त्या मापात.

ओळखीच्या ग्रुपवर एकाने जाहिरात टाकली: ‘इंग्लंडचं मिल्स, कधीच न चालवलेलं, वडिलांनी जपून ठेवलेलं.’ संध्याकाळी माटुंगा स्टेशनबाहेर भेटलो. बोलणं अगदी घरगुती. त्यांनी इंजिन हातात दिलं नि म्हणाले, ‘पंखा फिरवून बघा, काका.’ फिरवला. काय दाब होता! बोट मागे ढकलत होता. मी तिथेच यूपीआयने पैसे दिले.

घरी त्याच्या मापाने इंजिन धरणाऱ्या सागाच्या पट्ट्या बसवल्या, नाकाचं हलकं बाल्सा लाकूड कोरलं, वजनाचा तोल जुळवला. दोन महिने गेले. भातकापणी झाल्यावर कर्जतकडे मोकळ्या खाचरात गेलो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल समभाग, ८ बाय ४ इंची (व्यास आणि पिच) पंखा. पहिल्या दहा मिनिटांत इंजिन सुरू झालं, आठ-दहा सेकंद चाललं आणि बंद पडलं. मग दाब वाढवला, इंधनाची सुई कमीजास्त केली, बोटं सोलून निघाली, पण गरम झालं की ते दम धरेना. माझा पुतण्या विमान हातात धरून दोन तास उभा होता.

कुर्ल्याच्या लेथवाल्याने इंजिन खोलून धुतलं तेव्हा सगळं उलगडलं. आत जाड गिअर तेल भरलं होतं. त्या तेलाने पिस्टनभोवतीची फट बुजते आणि झिजलेलं इंजिनही हाताला नव्यासारखं घट्ट लागतं. गरम झालं की तेल पातळ होतं आणि दाब निसटतो. पिस्टनवर पॉलिश पेपरच्या बारीक रेघा होत्या, म्हणजे चकाकी मुद्दाम आणलेली. माझ्याही नजरेतून सुटलेल्या खुणा होत्या: इंजिन पट्ट्यांवर बसवायच्या कानांखाली स्क्रूने घासलेले चट्टे आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी जळलेल्या एरंडेलाचा तपकिरी थर. कधीच न चालवलेल्या इंजिनावर हे कुठून येणार?

विक्रेत्याला फोन केला. ‘तुम्हीच चुकीचं इंधन घालून बिघडवलंत,’ एवढं बोलून त्यांनी नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चॅट आणि व्यवहाराची पावती जोडली. पैसे अजून आलेले नाहीत.

तेव्हा इंजिन दिवसाउजेडी बघा. विकणाऱ्यासमोर ते रॉकेलने धुवा, कोरडं करा, शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब टाका आणि मग पंखा सावकाश दाबाविरुद्ध फिरवा. स्प्रिंगसारखा मागे यायला हवा. एक्झॉस्टमध्ये भराभर बुडबुडे दिसले तर उठून चालू लागा. पिस्टन वर असताना पंखा किंचित मागेपुढे हलवा. टकटक जाणवली तर कनेक्टिंग रॉड झिजलेला आहे. धुवायला नकार देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

मागच्या महिन्यात ठाण्याला एक इंजिन बघायला गेलो. फोनवरच सांगितलं होतं, धुऊन बघणार. त्या आजोबांनी गॅलरीत वाटीभर रॉकेल आणि जुना टूथब्रश आधीच काढून ठेवला होता. इंजिन धुतलं, पुसलं, थेंब टाकला. पंखा फिरवला तर बोटाला झटका बसला. तेच आता एचटी-२च्या नाकात आहे. पट्ट्यांची भोकं मात्र नव्याने पाडावी लागली.