लायसन त्यांच्या कपाटात, उचल माझ्या अंगावर: पहिल्या ट्रान्सपोर्टमध्ये मी कसा अडकलो

हेवीचं, म्हणजे ट्रकसारख्या जड गाडीचं, लायसन नुकतंच हातात आलेल्या आणि पहिली गाडी शोधत फिरणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. मला कुणी आधी सांगितलं असतं, तर माझे अडीच महिने आणि आईचे बचत गटातून काढलेले पैसे वाचले असते. पैशांपेक्षाही, कसारा घाटात जे झालं ते झालं नसतं.

मी जालन्याजवळच्या गावचा. आधी चारचाकीचं लायसन काढलं. त्याला वर्ष झाल्याशिवाय हेवीचं शिकाऊ लायसन मिळत नाही, म्हणून ते वर्ष पिकअप चालवून काढलं. मग ड्रायव्हिंग स्कूलला १६ हजार भरले. स्कूलमध्ये शिकलो ते रिकाम्या गाडीवर, सकाळी बायपासला. भरलेली गाडी चढाला कशी ओढते, उताराला कशी ढकलते, हे तिथे कळत नाही. टेस्ट पास झालो, २०२३ च्या जूनमध्ये लायसन आलं, आणि लगेच खरी अडचण समोर आली. जिथे जावं तिथे एकच प्रश्न: अनुभव किती? चांगल्या ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. नवा गडी कुणाला नको असतो, आणि नव्या गड्याची ही भूक ओळखणारे लोक बरोबर टपून बसलेले असतात.

माझ्या बाबतीत रस्ता स्कूलच्या मास्तरांनीच दाखवला. "एका पार्टीला पोरं पाहिजेत. उद्याच जा, माझं नाव सांग." मला वाटलं, मास्तर आपल्यासाठी शब्द टाकतायत. एका पोरामागे त्यांना ३ हजार मिळतात, हे मला कंपनीच्या मुनीमकडूनच दोन महिन्यांनी कळलं. म्हणून पहिली गोष्ट आत्ताच सांगून टाकतो: स्कूलने सुचवलेल्या कंपनीत जायला हरकत नाही, पण मास्तरांना तोंडावर विचारा की तुम्हाला यात काय मिळतं. उत्तर देताना त्यांची चुळबुळ झाली, तर तेच उत्तर समजा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पंचवीस-तीस गाड्या, बहुतेक दहा चाकी. जालन्याहून सळई भरून भिवंडी, पनवेल, पुणे, आणि येताना सळईच्या मिलसाठी भंगार. शेठनी स्वतः चहा पाजला. पगार २२ हजार, रोजचा भत्ता वेगळा, पहिले तीन महिने जुन्या उस्तादाबरोबर, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरबरोबर, दुसरा ड्रायव्हर म्हणून बसायचं, वर्ष झालं की अनुभवाचं पत्र. यातलं एकही वाक्य कागदावर नव्हतं. कागदावर होत्या त्या माझ्या सह्या: १०० रुपयांच्या कोऱ्या स्टॅम्प पेपरवर एक आणि कोऱ्या चेकवर एक. "सगळेच करतात, फॉर्मॅलिटी आहे." १५ हजार अनामत, तीही "आत्ता देऊ नको, पगारातून तीन हप्त्यांत कापू". केवढी सोय, असं वाटलं मला तेव्हा.

आणि मूळ लायसन. "व्हेरिफिकेशनला लागतं. रस्त्यावर कुणी अडवलं तर फोनमधलं डिजीलॉकर दाखव, चालतं." ते खरंच चालतं. २०१८ पासून डिजीलॉकर आणि एम परिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं ग्राह्य धरतात. ड्रायव्हरच्या सोयीसाठी केलेला नियम इथे उलटा वापरला होता. मूळ कार्ड त्यांच्या कपाटात, मी फोनमधल्या लायसनवर गाडी चालवतोय, आणि दुसऱ्या मालकाकडे गेलो की तो पहिल्यांदा म्हणतो, कार्ड दाखव. कार्ड नाही तर काम नाही. दोरी न लावता बांधून ठेवायची ही पद्धत आहे.

उस्तादाबरोबर तीन महिने बसायचं होतं, मी बसलो तीन दिवस. चौथ्या दिवशी उस्तादाला दुसरी गाडी दिली, मला ही. सोबत एकोणीस वर्षांचा क्लीनर, त्यालाही रस्ता नवा. मी घाबरलो होतो, पण बोललो नाही. पहिल्या नोकरीत तोंड उघडलं तर घालवतील, ही भीती प्रत्येकाला असते.

आता मुख्य गोष्टीवर येतो: ॲव्हरेज. कंपनीने गाडीला साडेचारचा ॲव्हरेज बांधून दिला होता. म्हणजे एका लिटरला साडेचार किलोमीटर. त्यापेक्षा जास्त डिझेल लागलं तर फरक ड्रायव्हरच्या पगारातून. ऐकायला यात वावगं काही वाटत नाही. मालकाचं डिझेल आहे, चोरी होते, त्याने हिशोब ठेवायलाच हवा. पण आकडा कुठून आला हे मी विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी भरलेली, पासिंगच्या, म्हणजे मंजूर वजनाच्या, वर माल घेतलेली, टायर घासलेली गाडी साडेचार देत नाही. मी पहिल्या महिन्यात ६,३०० किलोमीटर चाललो. त्यांच्या हिशोबाने १,४०० लिटर लागायला हवं होतं, लागलं १,५००. म्हणजे गाडीने ४.२ दिला. मी एक थेंबही विकला नव्हता. तरी शंभर लिटरचे, ९३ रुपयांनी, ९,३०० कापले.

पहिल्या महिन्याची ती पिवळी चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. पगार २२,०००. खाली: अनामत ५,०००, डिझेल फरक ९,३००, टायर ६,०००, मालात घट १,२००, उचल ४,०००. बेरीज २५,५००. आणि सगळ्यात खाली लाल पेनाने, गोल करून: "येणे ३,५००". महिनाभर गाडी चालवून मीच कंपनीला साडेतीन हजार देणं लागत होतो. टायर मी गाडी घेतली तेव्हाच घासून गोटा झालेला होता, तो येवल्याजवळ फुटला. मालात घट कुठल्या वजनकाट्यावर आली, ते कुणी दाखवलं नाही. मुनीम म्हणाला, "पहिला महिना असाच जातो. उचल पाहिजे तर घे." घरी बचत गटाचा हप्ता थांबला होता. मी उचल घेतली. अंगावर उचल असलेला माणूस कसा बोलतो, हे ज्याने घेतलीय त्यालाच माहीत. मान खाली घालूनच बोलतो.

पगारातून किती कापायचं याला कायद्याने मर्यादा आहे. साध्या नोकरीत सगळी कपात मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता येत नाही, आणि नुकसानीचे पैसे कापायच्या आधी कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोललो असतो का, याची खात्री नाही. पण दुसऱ्या महिन्याची चिठ्ठी तरी फेकून दिली नसती.

डिझेल फरक कसा टाळायचा, हे मी घोटीच्या ढाब्यावर जुन्या ड्रायव्हरांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "उताराला न्यूट्रल कर." इंजिन नुसतं घुरघुरतं, गाडी वजनावर पळते, डिझेल वाचतं. स्कूलमध्ये मास्तरांनी शिकवलेली जी एक गोष्ट पक्की लक्षात होती ती हीच होती, की घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नाही. पण मास्तर काही माझा डिझेल फरक भरणार नव्हते.

दुसऱ्या महिन्यात मी न्यूट्रल करायला लागलो. आधी लहान उतारांवर. फरक खरंच खाली आला, शंभर लिटरचा तीस लिटरवर. मग एका पहाटे, ऑगस्टात, इगतपुरी सोडल्यावर कसारा घाटात केलं. पाऊस भुरभुरत होता, मागे सळई. पहिल्या दोन वळणांना ब्रेकने गाडी धरली. तिसऱ्याला पाय जास्त खाली गेला. मी ब्रेक दाबत-सोडत राहिलो, आणि ज्या हवेच्या दाबावर ब्रेक चालतात, तिचा काटा खाली येताना दिसला. इंजिन आयडलवर असलं की हवा भरायला वेळ लागतो, हे तेव्हा डोक्यात आलं. बझर वाजला. ब्रेकचं लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये भरला. क्लीनर दरवाजाचं हँडल धरून बसला होता, तो एक शब्द बोलला नाही. मी गिअर टाकायला गेलो, नुसता कर्रर्र आवाज, गिअर पडेना. क्लच सोडून ॲक्सिलरेटर दाबला, परत क्लच दाबला, दुसऱ्या प्रयत्नाला पाचवा पडला. इंजिनाचा धूर अडवून गाडी धीमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक लावला, चौथा, तिसरा, आणि डोंगराच्या बाजूला जागा होती तिथे गाडी घातली. क्लीनरने उतरून चाकाखाली दगड लावले. मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममधून धूर येत होता. तो पाण्याचा कॅन घेऊन धावला, त्याला मी ओरडून थांबवलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रम तडकतो. तेवढं तरी सुचलं. समोर थोड्याच अंतरावर एक भरलेली एसटी हळूहळू उतरत होती. तिच्या मागच्या काचेतून एक लहान मुलगी माझ्याकडे बघत होती. तो चेहरा अजून जात नाही डोळ्यांपुढून.

ऑफिसला फोन केला. मुनीमने पहिलं विचारलं, "लायनर गेलं का?" महिनाअखेर ३,२०० लायनरचे लागले. हातात दीड हजार पडले.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. नोकरीला जाल तेव्हा पगार किती, हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा ॲव्हरेज किती बांधलाय, भरलेल्याचा वेगळा आणि रिकाम्याचा वेगळा आहे का, आणि फरक कुणाच्या अंगावर. हे शेठला विचारून उपयोग नाही. गेटवर गाडी धुणारा, टायर बदलणारा जो ड्रायव्हर दिसेल त्याच्याजवळ बसा, चहा पाजा, आणि म्हणा की मागच्या महिन्याची हिशोबाची चिठ्ठी दाखव. चिठ्ठी कधी खोटं बोलत नाही. तीन ड्रायव्हरांच्या चिठ्ठ्यांवर खाली "येणे" असेल, तर तिथून सरळ स्टँडवर या. आणि जी गाडी देणार म्हणतात तिचा नंबर एम परिवहन ॲपमध्ये टाका. फिटनेस सर्टिफिकेट, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. मी हे खूप उशिरा केलं, तेव्हा कळलं की माझ्या गाडीचं फिटनेस जुलैमध्येच संपलेलं होतं. त्या घाटात काही झालं असतं, तर विमा कंपनीने हात वर करायला कारण तयार होतं.

शेवट झाला तो ओव्हरलोडने. गाडी २८ टन पासिंगची. गाडीचं स्वतःचं वजन साधारण ९ टन, म्हणजे माल बसतो १९ टन. भरले २४. मी माल भरताना म्हणालो, शेठ, जास्त होतंय. "सगळ्या गाड्या जातात. तुझीच काय सोन्याची आहे?" वैजापूरच्या पुढे आरटीओच्या पथकाने काट्यावर घेतलं. कायद्यात २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. पाच टन, म्हणजे ३० हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. तो उतरवून दुसऱ्या गाडीत टाकायचे साडेचार हजार. हे सगळे साडेचौतीस हजार माझ्या नावावर लिहिले गेले. कारण काय, तर "गाडी तू चालवत होतास." कायदा चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाऱ्यालाही धरतो, पण काट्यावर समोर सापडतो तो ड्रायव्हर. आणि ओव्हरलोडला लायसन तीन महिने निलंबित होऊ शकतं, ते शेठचं नसतं.

मी म्हणालो, मला नाही करायचं, लायसन द्या. त्या महिन्याचे वीस दिवसांचे पैसे वळते करून त्यांनी सांगितलं, "वीस हजार भर आणि लायसन घेऊन जा. नाहीतर चेक टाकतो बँकेत." अनामतीचे कापलेले १० हजार कुठे गेले, विचारलं तर उत्तर नाही. दहा दिवस मी घरी बसून होतो. आईला सांगितलं, गाडी दुरुस्तीला आहे.

मामा एसटीत २८ वर्षं ड्रायव्हर होते. त्यांना शेवटी सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, लायसन सरकारने तुझ्या नावावर दिलंय. ते ठेवून घ्यायचा अधिकार कुणाला आहे?" त्यांनी बसून अर्ज लिहिला, तारीखवार: कधी लागलो, काय ठरलं, काय कापलं, कोऱ्या कागदावर सही घेतली, मूळ लायसन अडकवून ठेवलं. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. दोन्हीकडे पोच घेतली. बँकेतही त्या चेकचा नंबर देऊन पेमेंट थांबवायचा अर्ज दिला. पोच घेतलेली प्रत मामांनी स्वतः नेऊन मुनीमच्या टेबलावर ठेवली. दोन दिवसांत लायसन मिळालं. पाकिटात, पिन मारलेलं. पैसे मिळाले नाहीत. स्टॅम्प पेपर "सापडत नाही" म्हणतात.

सध्या मी चार गाड्यांच्या एका मालकाकडे आहे. पगार १६ हजार, आधीपेक्षा कमी. पण सहा महिने दुसरा ड्रायव्हर म्हणून बसवलं, पगार बँकेत येतो, आणि लायसन माझ्या खिशात असतं. मालक स्वतः बारा वर्षं गाडी चालवलेला आहे, त्यामुळे घाटात डिझेल वाचव असं तो कधी म्हणत नाही. अशी माणसं आहेत. फक्त ती स्कूलच्या दारात उभी राहत नाहीत, शोधावी लागतात.

माझ्या बॅचचे दोघे अजून त्या कंपनीतच आहेत. कामगार कार्यालयात पैशांचं प्रकरण चालू आहे आणि पुढच्या तारखेला तेही माझ्याबरोबर येतो म्हणालेत. मी त्यांना पंपाच्या पावत्या आणायला सांगितल्या, तर डॅशबोर्डवर ठेवलेल्या निम्म्या पावत्या उन्हाने पांढऱ्याफटक झाल्यात, एक आकडा वाचता येत नाही. तुम्ही कुठेही असा, डिझेल भरलं की पावतीचा फोटो तिथेच, पंपावर उभं राहून काढा, मीटरच्या आकड्यासकट.