कोल्हापूर-मिरज लाईनीवर विजेचं इंजिन: डिझेलवाल्या माणसाचा रिव्ह्यू

मिरजेला काम काही नव्हतं, मुद्दाम गेलो. भाच्याला इंजिन दाखवायचं होतं आणि मलाही बघायचं होतं की आपल्या पन्नास किलोमीटरच्या आतल्या लाईनीवर विजेचं इंजिन कसं पळतंय. सकाळची एक्सप्रेस, जनरलचं तिकीट, इंजिनाला लागून असलेला डबा, कारण आवाज तिथंच नीट कळतो.

पहिलं पिकअपचं सांगतो, नाद खुळा! गाडी हलली कधी ते कळलंच नाही, धक्का नाही का काही नाही, आणि गूळ मार्केट येईस्तोवर चांगला स्पीड घेतलावता. इंजिन होतं डब्ल्यूएपी-७, म्हणजे ६३५० हॉर्सपॉवर. आपण लहानपणी ज्याच्यामागं पळायचो ते डब्ल्यूडीएम-२ होतं २६०० चं, नंतरचं डब्ल्यूडीएम-३डी आलं ते ३३०० चं. म्हणजे दोन डिझेल जोडली तरी ह्या एकाची बरोबरी जेमतेम. शिवाय ब्रेक मारताना हे इंजिन वीज तयार करून परत तारेत सोडतं, डिझेलला ती सोयच नव्हती, ब्रेकमधली सगळी ताकद उष्णता होऊन हवेत जायची.

आता आवाजाचं, कारण माझा खरा जीव तिथं अडकलाय. जुनं अल्को इंजिन (अल्को कंपनीच्या डिझाईनचं डिझेल, डब्ल्यूडीएम-२ त्यातलंच) सुटताना काळा धूर का सोडायचं माहिताय का? त्याचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, फिरतो निघणाऱ्या धुराच्या जोरावर. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की डिझेल लगेच आत जातं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात हवा कमी पडते आणि न जळलेलं डिझेल काळं होऊन वर येतं. मग हळूहळू टर्बोची शिट्टी चढते आणि धूर फिका होत जातो. आठ नॉच होते, आम्ही पोरं स्टेशनच्या कंपाउंडवर बसून कान देऊन मोजायचो, आत्ता चौथा, आत्ता पाचवा. नंतर ईएमडी ह्या दुसऱ्या कंपनीच्या डिझाईनची डिझेल आली, त्यांचा टर्बो सुरुवातीला गिअरवर फिरतो म्हणून धूर फार नाही, आवाज पण वेगळाच, घुमणारा. विजेच्या इंजिनात मोजायला काहीच नाही ओ. ब्लोअरचा घूं आवाज आणि सुटताना एक बारीक सूर चढत जातो, बस. भाचा म्हणाला, "मामा, हे चालू हाय का बंद?" त्याला काय सांगू!

पण कोल्हापूरला एक गोष्ट अजून बघण्यासारखी आहे, ती चुकवू नका. आपलं स्टेशन टर्मिनस, पुढं रूळच नाही, त्यामुळं आलेल्या गाडीचं इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं. कपलिंगच्या मधे माणूस वाकून उतरतो, इंजिन मुंगीच्या चालीनं मागं येतं, खट्ट करून बसतं, मग पाईप जोडतात आणि फुस्स करून हवा भरते, ब्रेक पाईपात पाच किलो प्रेशर झाल्याशिवाय गाडी हलत नाही. त्या माणसाचे हात बघा, इतक्या वर्षांत एकदा घाई केलेली मी बघितली नाही. वंदे भारतला हे नाही, तिला वेगळं इंजिनच नसतं. मला ती गाडी आवडते, पण प्लॅटफॉर्मवर थांबून बघावं असं तिच्यात मला काही सापडत नाही.

डिझेल जाऊन विजेचं इंजिन आलं त्याचा मोठा फायदा मुंबईला जाणाऱ्यांना झालाय. पूर्वी पुण्यात डिझेल सुटायचं, विजेचं लागायचं, कारण तारा पुण्यापलीकडं होत्या, आपल्याकडं नव्हत्या. आता ती खोळंबाखोळंबी संपली.

कमी पडतं ते रुळाचं. १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते काम सुरू झालं, १८९१ ला गाडी धावली, तेव्हा मीटरगेज, १९७१ ला ब्रॉडगेज झालं, आणि मार्ग अजून एकेरीच. एवढं ताकदवान इंजिन हातकणंगल्याला क्रॉसिंगला उभं राहिलं की वाईट वाटतं. आम्ही बराच वेळ उभे होतो, समोरची गाडी गेली तेव्हा सुटलो.

प्रवासी म्हणून पाचपैकी साडेचार. वेग आहे, धूर नाही, खिडकीत बसलं तरी शर्टावर काजळी नाही. आईला घेऊन जायचं तर मी हीच गाडी निवडीन. अर्धा कापला तो एकेरी रुळासाठी.

मिरजेला उतरलो तर यार्डात एक जुनं अल्को नुसतंच धडधडत उभं होतं. भाच्यानं आधी कान झाकले, मग हात खाली घेतले, मग म्हणाला, "मामा, हे जरा ऐकूया की." परतीची गाडी लागलीवती, ती सोडली. पुढच्या गाडीनं आलो.