गॅसच्या टाकीची ट्रॉली: आठ महिने वापरल्यावर

भरलेली टाकी म्हणजे 14.2 किलो गॅस आणि लोखंडाचं वजन मिळून तीसेक किलो. परभणीच्या आमच्या घरात ती तिरकी करून, गोल फिरवत ओट्याखाली सारायचं काम आईकडे. दिवाळीच्या आधी तिच्या कमरेत उसण भरली, तेव्हा बाजारातून 450 रुपयांची चाकांची लोखंडी ट्रॉली आणली.

पहिले दोन महिने नुसता वैताग. घरात जुनी शाहाबादी फरशी, सांधे उघडे पडलेले. ती बोटभर प्लास्टिकची चाकं दर सांध्यात अडकायची. "या गाडीला ढकलायलाच एक माणूस लागतंय की," आई म्हणायची. एक चाक फुटलंच. नशीब, चाकं बोल्टची होती. हार्डवेअरच्या दुकानातून जरा मोठी, रबरी आणून घरीच बसवली. आता आई एका हातानं ओढते. बोअरच्या पाण्यानं फरशीवर उठणारं गंजाचं कडंही बंद झालं.

खरा फायदा मात्र रेग्युलेटर लावताना. ओट्याखाली अंधारात वाकून खटका नीट बसला की नाही, ते कळायचंच नाही. आता टाकी उजेडात ओढायची, झाकण काढून तोंडात डोकवायचं, रेग्युलेटरची काळी कडी वर धरून दाबायचं, कडी सोडायची. टक्क.

एकदा नवी टाकी लावली आणि लगेच वास. खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर काढून पाहिलं तर टाकीच्या तोंडातली काळी रबरी रिंगच गायब! झाकण लावून टाकी अंगणात नेली आणि एजन्सीला फोन केला. माणसानं येऊन रिंग टाकली, साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं. पूर्वी मी रेग्युलेटरलाच शिव्या घातल्या असत्या.

एक खोड मात्र लागते. चाकं आहेत म्हणून जोडलेली टाकी तशीच ओढली जाते आणि नळीला हिसका बसतो. मीही एकदा तसं केलं. नळी तपासताना तिच्यावरचं साल वाचलं, तर पाच वर्षांची मुदत कधीच उलटलेली. नवी नारंगी नळी घेतली. आता आधी रेग्युलेटर काढतो, मगच ट्रॉली हलवतो.

घेणार असाल तर दुकानातच चाकं फिरवून बघा, बोल्टची आहेत का तेही. आई आता ज्वारीच्या कोठीखाली असलीच दुसरी आण म्हणून मागं लागलीय.