पावसाळाभर कोलॅजन पेप्टाइड घेतलं, त्याचा हिशेब

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळून गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, धरलं होतं. जिना उतरताना कळ यायची. फिजिओने ताकदीचे व्यायाम दिले, सोबत मी कोलॅजन पेप्टाइडची पावडर मे महिन्यात सुरू केली. कोलॅजन म्हणजे टेंडन, हाडं, कातडी यांना बांधून ठेवणारं प्रथिन, आणि पेप्टाइड म्हणजे त्याचे बारीक तुकडे. आता दिवाळी झाली.

डब्यावर 'बिनचवीची' लिहिलंय, पण माशापासून बनलेली असल्याने कोमट पाण्यात वास येतोच. लिंबू सरबतात खपून जाते. घ्यायची व्यायामाच्या तासभर आधी. 2017 च्या एका अभ्यासात दोरीवरच्या उड्यांच्या तासभर आधी 15 ग्रॅम जिलेटिन (शिजवून काढलेलं कोलॅजनच) आणि क जीवनसत्त्व दिलं, तर रक्तात नवं कोलॅजन बनत असल्याची खूण दुप्पट झाली. पण त्यात माणसं होती अवघी आठ, तीही तरुण आणि धडधाकट. क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजन नीट बांधता येत नाही. त्यासाठी मी गोळी नाही, पेरू खातो. संत्र्यापेक्षा त्यात ते कितीतरी जास्त.

पहिला महिना काहीच नाही. गणपतीपर्यंत जिन्यावरची कळ गेली, विसर्जन मिरवणुकीत रात्रभर उभा राहिलो तरी सकाळी गुडघा गप्प. पण त्याआधी पंचगंगेला पूर आला तेव्हा जिम बंद होती, व्यायाम सुटला, पावडर चालूच होती, आणि कळ परत आली. त्यामुळे माझ्या मते बारा आणे काम व्यायामाचं. केस-नखांचं जे सांगतात त्यातलं मला काही दिसलं नाही, केस गळतातच. आणि याला प्रोटीन समजून अंडी सोडू नका, कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) नसतंच. तालमीतले वस्ताद म्हणाले, "त्यापेक्षा पायाचं सूप पी." हाडं शिजून उतरतं ते जिलेटिनच, फक्त वाटीत किती ग्रॅम आलं ते कळत नाही.

मध्येच जिममधला एकजण बीपीसी-157 या टोचून घ्यायच्या पेप्टाइडची बाटली घेऊन आला. "भावा, सुई मार, पंधरा दिवसांत पळशील." पंधरा अमिनो आम्लांची ही साखळी, झाग्रेबमधलं बरंचसं संशोधन उंदरांवरचं, माणसांवरच्या चाचण्या मोजक्या आणि छोट्या. खेळातल्या उत्तेजकांवर बंदी घालणाऱ्या 'वाडा' (WADA) या जागतिक संस्थेने 2022 पासून ती बंदीच्या यादीत घातली, असंच विकलं जाणारं टीबी-500 हे पेप्टाइडसुद्धा बंदच. बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही' असं छापलेलं. आत खरंच काय भरलंय हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. मी हात जोडले.

पावडरीने त्रास काही झाला नाही, पण ती स्वस्तही नाही. हा डबा संपला की नवा आणणार नाही. हंगाम तोंडावर आलाय, ते पैसे फिजिओला देईन.