चार मीटरांत काय मावतं? चित्रातली पिकअप आणि कामाची लोडिंग

माझा आतेभाऊ रामबागेत राहतो आणि केटरिंग करतो. मुंजी, डोहाळजेवणं, साठीशांती, चारशे पानांपर्यंतची लग्नं. पातेली, पराती, शेगड्या, सिलिंडर आणि चार माणसं असा त्याचा पसारा इतकी वर्षं भाड्याच्या लोडिंगमधून फिरला. इंदुरात मालाच्या छोट्या गाडीला आम्ही ‘लोडिंग’च म्हणतो. आता पैसे साठलेत, स्वतःची गाडी घ्यायची आहे, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या मोबाइलवर एक चित्र आलं.

२०२५च्या १५ ऑगस्टला महिंद्राने मुंबईत चार कॉन्सेप्ट गाड्या, म्हणजे विक्रीला नसलेले नमुने, दाखवल्या: व्हिजन एस, टी, एक्स आणि एसएक्सटी. यातली एसएक्सटी पिकअपच्या अंगाची. उंच बॉनेट, जाड चाकं, मागे छोटा उघडा हौदा. या गाड्या ज्या नव्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे सामायिक सांगाड्यावर, आहेत, त्यावर ३,९९० ते ४,३२० मिलिमीटर लांबीच्या गाड्या बसतील आणि २०२७पासून त्या येऊ लागतील, असं कंपनीने सांगितलं. भावाने मला सरळ विचारलं, “थांबू का?”

रविवारी पोह्यांच्या वेळी घरात तेच चित्र फिरलं. भाचा म्हणाला, “मामा, हीच घ्या, लग्नात गाडी उभी राहिली की लोक बघतील.” भावाच्या बायकोला आवडलं ते वेगळंच: कामाला जी गाडी, तीच रविवारी मांडूला. आत्याने चष्मा लावून चित्र दोनदा पाहिलं आणि विचारलं, “मागे तर दोन स्टेपन्या ठेवल्यात. पातेली कुठे ठेवायची?”

शहरासाठी छोट्या पिकअपचं चित्र जिथे जिथे दाखवलं गेलं, तिथे लोक असेच वेगवेगळ्या वाटांनी बोलले आहेत. २०१५च्या जानेवारीत ह्युंदाईने डेट्रॉइटच्या शोमध्ये सांता क्रूझ नावाची कॉन्सेप्ट मांडली होती. शहरात राहणाऱ्या, सुटीत सायकली नि तंबू घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी. एका गटाला वाटलं, अखेर कोणीतरी अवाढव्य ट्रकांच्या देशात आटोपशीर काही आणतंय. दुसरा गट म्हणाला, हा ट्रकच नव्हे, कारचं मागचं छप्पर कापलंय. तिसरे विचारत राहिले, येणार कधी? ती आली २०२१मध्ये. सहा वर्षं गेली, आणि आली ती चार नेहमीच्या दारांची, जवळपास पाच मीटर लांबीची होऊन. कॉन्सेप्टमधली उलट्या बाजूने उघडणारी मागची छोटी दारं गायब होती.

म्हणून “थांबू का” याचं माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्याची कमाई गाडीवर चालते त्याने कॉन्सेप्टसाठी थांबू नये. कॉन्सेप्टला किंमत नसते, हौद्याचं माप नसतं, किती किलो वाहील याचा आकडा नसतो. आणि एका लग्नसराईचं भाडं ही खरी रक्कम आहे, ती दरवर्षी खिशातून जाते.

पण चित्र लोकांना का ओढतं, ते समजून घेतल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. भावाची अडचण खरी आहे. छोट्या लोडिंगमध्ये चालकाशेजारी एकच माणूस बसतो. उरलेले दोघं काय करतात? मागे हौद्यात सिलिंडरला टेकून बसतात. हे नियमात बसत नाही, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो, आणि सगळ्यात आधी, ही आपली माणसं आहेत. पिकअपमध्ये माणसंही आत बसतात आणि मालही जातो. भावाला चाकांपेक्षा हे जास्त हवं होतं, फक्त त्याला ते नीट सांगता येत नव्हतं.

आता टेप लावून बघू. फोर्डची मॅव्हरिक ही अमेरिकेतली छोटी पिकअप २०२१ साली वीस हजार डॉलरच्या किंचित आत सुरू झाली, हायब्रिड (पेट्रोल अधिक बॅटरी) इंजिनसह, आणि मागणी इतकी आली की त्या वर्षीच्या हायब्रिडचं बुकिंग थांबवावं लागलं. तिची लांबी पाच मीटरच्या वर, आत पाच माणसं, आणि हौदा साडेचार फूट. २०२५च्या एप्रिलमध्ये दाखवलेली स्लेट नावाची इलेक्ट्रिक पिकअप ४.४ मीटरची, तिने सीटच दोन ठेवल्या, म्हणून हौदा पाच फुटांचा निघाला. जपानची ‘केई’ वर्गातली मिनी ट्रक तर कायद्यानेच ३.४ मीटरच्या आत, ६६० सीसीच्या आत. पण दोघंच बसतात आणि इंजिन सीटखाली, त्यामुळे हौदा सहा फुटांच्या वर. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुन्या झालेल्या या जपानी गाड्या लोक हौसेने आयात करून शेतावर वापरतात, ते उगीच नाही.

गणित साधं आहे. लांबी माणसांना द्याल तर मालाची जाते. चार मीटरच्या आसपासच्या गाडीत लांब बॉनेट, पाच माणसं आणि भावाची पातेली, तिन्ही एकदम मावणार नाहीत. एसएक्सटी उद्या हुबेहूब चित्रासारखी आली तरी ती हौसेची गाडी असेल, केटरिंगची नव्हे. आत्याला हे टेपशिवाय कळलं होतं.

मोठ्या पिकअपचं एका ओळीत उरकतो. टोयोटा हायलक्स ५.३ मीटर लांब, किंमत तीस लाखांच्या घरात. मल्हारगंजाच्या गल्लीत ती वळवण्यापेक्षा दोन लोडिंग घेतलेल्या परवडतील.

उरतात आजच्या मिनी ट्रक. २००५मध्ये टाटाने एस (Ace) नावाची मिनी ट्रक आणली, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन घालून, आणि लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ हे नाव दिलं. ते नाव इतकं रुजलं की आज दुसऱ्या कंपनीच्या गाडीलाही कित्येक जण तेच म्हणतात. तिची धाकटी बहीण एस प्रो २०२५च्या जूनमध्ये आली. वजन वाहणार ७५० किलो, हौदा साडेसहा फूट. त्या वेळच्या सुरुवातीच्या किमती पेट्रोलला ३.९९ लाख, सीएनजी-पेट्रोलला ४.९९ लाख, इलेक्ट्रिकला ६.५० लाख. पुढे २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीच ५ होता, म्हणजे त्या कपातीतून तिला काही मिळालं नाही आणि पेट्रोल नि इलेक्ट्रिकच्या किमतींतलं अंतर वाढलं. शोरूममध्ये आजचा भाव लेखी घ्या.

तिच्यासमोर मारुतीची सुपर कॅरी. चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन, ताकद ८० हॉर्सपॉवरच्या आसपास. एस प्रोची पेट्रोल गाडी तीसच्या आसपास. सुपर कॅरीचा हौदा सात फुटांहून थोडा जास्त. किंमतही जास्त, आणि सीएनजी घेतली की वजनाची मर्यादा ७४० वरून ६२५ किलोवर येते, कारण टाकीचं ओझं गाडीलाच वाहावं लागतं. ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

शहरातल्या शहरात, सियागंजातून किराणा उचलून तिलकनगरला पोचवायचा, तर तीस हॉर्सपॉवर पुरते. गर्दीत तसंही कोण पळवतंय. पण भावाची कामं ओंकारेश्वरलाही असतात. सिमरोळच्या पुढे घाट लागतो, गाडी भरलेली, मागे बसची रांग. तिथे चार सिलिंडरचा फरक पायाला जाणवतो. ज्याचा धंदा रिंग रोडच्या आत आहे त्याने या ताकदीचे पैसे मोजू नयेत. ज्याला घाट चढायचा आहे त्याने इथे काटकसर करू नये.

इलेक्ट्रिकचा विचार मला मनापासून आवडतो. पहाटे चारला मंगल कार्यालयाच्या दारात आवाज न करता गाडी लागावी, धूर नसावा. एस प्रो इलेक्ट्रिकची बॅटरी १४.४ किलोवॅट-अवर, कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जिंगमधलं अंतर, १५५ किलोमीटर. रोज साठ-सत्तर किलोमीटर शहरात, रात्री घरी चार्जिंग, असं बसत असेल तर डोळे मिटून तीच बघा. ओंकारेश्वर मात्र जाऊन-येऊन दीडशेच्या वर, त्यात घाट आणि ओझं. कागदावरची रेंज भरलेल्या गाडीला मिळत नाही, आणि जेवणाची पंगत चार्जिंगसाठी थांबत नाही.

सीएनजीची गोष्ट इंदूरकरांच्या जवळची आहे. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झाला, रोज ५५० टन कचरा घेण्याच्या क्षमतेचा. आपल्याच स्वयंपाकघरातल्या सालींच्या गॅसवर सिटी बस धावते, याचा मला अभिमान वाटतो. धंद्याच्या हिशेबातही सीएनजीचा किलोमीटरचा खर्च पेट्रोलपेक्षा कमी पडतो. मात्र अशा गाड्यांत पेट्रोलची टाकी पाच लिटरचीच असते. ती पंपापर्यंत पोचण्यासाठी आहे, तिच्या भरवशावर घाटात शिरू नका.

कागदपत्रांना फार घाबरू नका. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. ७,५०० किलोच्या आतली व्यावसायिक गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं. गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची तारीख तेवढी लक्षात ठेवा.

मग थांबावं कोणी? ज्याच्या घरी कामाची गाडी आधीच आहे, ज्याला दुसरी गाडी हौसेने, सायकली, रोपं, चित्रकलेचं सामान नेण्यासाठी हवी आहे, त्याने खुशाल २०२७ची वाट बघावी. माझ्या भाच्यासारख्या मुलांचं ते चित्र बघून उजळलेलं तोंड मला खोटं वाटत नाही. आपल्याकडे मालाच्या गाडीला कोणी कधी देखणी केलीच नाही, तिच्यात बसणाऱ्या माणसांचा विचार केला नाही. ही मागणी रास्त आहे आणि कंपन्यांनी ती ऐकावी.

भाऊ गेल्या आठवड्यात शोरूमला गेला, तो सगळ्यात मोठं पातेलं, मोठी शेगडी आणि आत्या, तिघांना घेऊन. सुपर कॅरीच्या हौद्यात दोन्ही शेजारी शेजारी बसलं, वर परातींना जागा उरली. आत्याने फाळका पाडायला लावला आणि खाली उभं राहून उंची कमरेशी मापली, कारण भरलेलं पातेलं दोघांनाच उचलायचं असतं. उरलेल्या दोन माणसांसाठी त्याने जुनी स्कूटर दुरुस्तीला टाकली आहे. बुकिंग सीएनजीचं केलंय.